मजकूर आणि गिऱ्हाईक

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याच्या दागिन्यांपासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत निरनिराळ्या मालाचे बाजार ह्या रस्त्यांवर वसलेले आहेत. परगावचा मनुष्य गोलाईत उतरला, की समोर दिसेल त्याला विचारतो, "का हो, गूळ कुठल्या बाजूला मिळेल?" आणि कोणीही त्याला नेमका रस्ता दाखवतो.

आता अशी कल्पना करा, की हेच गिऱ्हाईक पुण्यात आपल्या घरी बसले आहे आणि हातातल्या मोबाइलला विचारते आहे, "बिनपॉलिशची तूरडाळ कुठे मिळेल?" येथे रस्ता दाखवणारा मनुष्य नाही, गूगलसारखे शोधयंत्र आहे. आपण गेली तीस वर्षे मोंढ्यात चोख माल देत असाल. पण आपला तराजू त्या यंत्राला दिसत नाही आणि डाळीचा वासही त्याला येत नाही. संकेतस्थळावर, म्हणजे आपण ज्याला वेबसाइट म्हणतो तिच्यावर, आपण काय लिहिले आहे आणि इतरांनी आपल्याकडे कसे बोट दाखवले आहे, मुख्यतः एवढ्यावरच त्याला निवाडा करावा लागतो. तेव्हा ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानदाराने, गिरणीवाल्याने किंवा शेतकरी गटाने लिहिण्याकडे जरा लक्ष दिले पाहिजे. ते कसे द्यावे, हे आपण पाहू या.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते समजून घेऊ. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने वाचून ठेवते आणि त्यांची एक प्रचंड सूची बनवते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच. आपण प्रश्न विचारला, की सूचीतून जुळणारी पाने निवडून ती उपयुक्ततेच्या क्रमाने मांडते. ह्यावरून पहिली गोष्ट अशी निघते, की जे यंत्राला वाचता येत नाही, ते सूचीत येत नाही.

आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. पुष्कळ दुकानदार मालाची सगळी माहिती एका रंगीत चित्रात छापून घेतात आणि तेच चित्र संकेतस्थळावर चढवतात. माणसाला ते छान दिसते. पण चित्रातली अक्षरे हा यंत्राच्या दृष्टीने भरवशाचा मजकूर नव्हे. दुसरे असे, की छापखान्यात जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात जुळवलेला मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला, तर यंत्राला 'तूरडाळ' ह्या शब्दाऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची जुडी मिळते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप केला पाहिजे. मोबाइलवरचा मराठी कळफलक युनिकोडच वापरतो, त्यामुळे हे काम अवघड नाही. चित्र जरूर द्यावे. मात्र त्याच्या जोडीला 'बिनपॉलिशची तूरडाळ, एक किलोची पिशवी' असे साधे शब्दवर्णनही भरावे.

दुसरी गोष्ट शब्दांची. विक्रेत्याचे शब्द आणि गिऱ्हाइकाचे शब्द पुष्कळदा वेगळे असतात. गिरणीत आपण 'फटका' म्हणतो, चुनी म्हणतो, बाजारातल्या प्रतीची नावे घेतो. शहरातल्या गृहिणीला ह्यातले काही ठाऊक नसते. ती 'तूरडाळ' लिहील, 'तुरीची डाळ' लिहील, नाहीतर इंग्रजी अक्षरांत 'तूर दाल' लिहील. कित्येकजण तर आता लिहितच नाहीत. मोबाइलला तोंडी विचारतात, आणि तोंडी विचारताना पुरे वाक्य बोलतात. तेव्हा आठवडाभर एक वही जवळ ठेवा. फोनवर आणि दुकानात लोक जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. लवकर शिजते का? यंदाची आहे की मागल्या हंगामाची? तेल लावले आहे का? नागपूरला किती दिवसांत पोहोचेल? ही वही म्हणजे आपल्या संकेतस्थळाचा अर्धा मजकूर आहे, बरं का! पुढे संकेतस्थळ सुरू झाल्यावर गूगलचे 'सर्च कन्सोल' नावाचे मोफत साधनही आहे. लोक कोणते शब्द लिहून आपल्या पानापर्यंत आले, हे ते सांगते.

परंतु म्हणून तोच शब्द पानावर वीस वेळा कोंबू नये. पूर्वी काही लोक तसे करीत, पानाच्या पोटात लपवून शब्दांच्या याद्याही ठेवीत. त्या छुप्या यादीचा आपण क्रम लावण्यासाठी उपयोग करीत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. आणि शब्द कोंबणे हा तर त्यांच्या नियमांत गैरप्रकार गणला जातो. यंत्राकडून शेकडो पाने एकदम लिहून घेऊन ती जशीच्या तशी चढवणाऱ्यांविरुद्धही मार्च २०२४ मध्ये नियम कडक झाले. यंत्राची मदत घेऊ नये असे नाही. परंतु आपल्या मालाबद्दल जे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, ते यंत्र कुठून आणणार?

तिसरी गोष्ट मांडणीची. गोलाईतल्या रस्त्यांप्रमाणे एका पानावर एकच माल असावा. तूर, हरभरा, उडीद आणि मूग एकाच पानावर गर्दी करून बसले, तर यंत्रही गोंधळते आणि गिऱ्हाईकही. प्रत्येक पानाला स्वतःचे शीर्षक द्या. 'मुख्यपृष्ठ' किंवा 'आमची उत्पादने' ह्या शीर्षकांतून कोणाला काय कळणार? 'बिनपॉलिशची तूरडाळ, १ व ५ किलो, लातूर' हे शीर्षक आपले काम करते. ते आटोपशीर असावे, कारण लांबलचक शीर्षक शोधाच्या यादीत अर्धवट कापले जाते.

आता वर्णनाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी असे वाक्य आढळते : 'आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाची अस्सल तूरडाळ वाजवी दरात मिळेल.' ह्या वाक्यात चूक काहीच नाही, पण माहितीही काहीच नाही. तूरडाळीच्या जागी साबण घातला तरी ते तसेच राहील! त्याऐवजी असे लिहून पाहा : 'निलंगा तालुक्यातील कोरडवाहू शेतातली तूर. काढणी जानेवारीत, भरडणी मार्चमध्ये. पॉलिश केलेली नाही, म्हणून रंग थोडा फिका दिसेल. शिजवण्यापूर्वी अर्धा तास भिजत घालावी.' अर्थात हे सर्व खरे असेल तरच लिहावयाचे. रंग फिका आहे हे आधीच सांगितले, म्हणजे माल परत येण्याचे एक कारण कमी झाले. आणि ज्याला तशीच डाळ हवी आहे, तो तिथेच थांबला.

ह्या लिहिण्याला आणखी एक महत्त्वाची बाजू आहे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर ह्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मातीला कायद्याने मिळालेली ही ओळख आहे. परंतु मानांकन मिळाले म्हणजे माल आपोआप खपतो असे नव्हे. दूरच्या शहरातला कोणी व्यापारी कुठली तरी डाळ पिशवीत भरून 'लातूरची खास' असे छापू शकतो. आणि बोरसुरीच्या शेतकऱ्याने स्वतःबद्दल काहीच लिहिले नसेल, तर शोधणाऱ्याला तो व्यापारीच आधी सापडेल. मग नाव आपल्या गावाचे आणि पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात! म्हणून शेतकरी गटांनी गाव, जमीन, हंगाम, भरडण्याची रीत हे सर्व स्वतः लिहिले पाहिजे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी आणि तसा उल्लेख पानावर करावा. ज्याची डाळ बोरसुरीची नाही, त्याने ते नाव घेणे हा मात्र शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन गोष्टी सांगतो. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटातील मालाचे निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव आणि पत्ता ही माहिती पानावरही द्यावी लागते. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी परतीच्या अटी आणि तक्रार कोठे करावी, हे सांगणेही बंधनकारक केले. खाद्यपदार्थांच्या बाबतीत 'शुद्ध', 'ताजे', 'नैसर्गिक' अशा शब्दांवर २०१८ च्या नियमांनी अटी घातल्या आहेत. आणि अमुक खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, असे तर मुळीच लिहू नये. ही सारी माहिती ठळक दिली, की गिऱ्हाइकाचा विश्वासही बसतो.

नांदेडकडे पाहिले, तर तेथे प्रश्न भाषेचा आहे. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून आणि परदेशांतूनही यात्रेकरू येतात. माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनासाठी येणारे भाविकही जिल्ह्यातून जातात. नांदेडच्या एखाद्या लॉजमालकाने सगळा मजकूर मराठीतच ठेवला, तर अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने निघणाऱ्या कुटुंबाला तो सापडावयाचा कसा? त्याने हिंदीत, इंग्रजीत आणि जमल्यास गुरुमुखीत वेगवेगळी पाने द्यावीत. भाषांतर यंत्राने केले, तरी ती भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. मजकुरात 'सर्व सोयींनी युक्त' असे न लिहिता स्टेशनपासून चालत किती मिनिटे लागतात, रात्री दोन वाजता गाडी आली तर दार कोण उघडेल, वृद्धांसाठी तळमजल्यावर खोली आहे का, गरम पाणी किती वाजता मिळते, हे सांगावे. प्रवासात निघालेल्या माणसाला ह्याचीच काळजी असते.

शेवटी हिशेब. समजा, महिन्याला हजार माणसे पान पाहून गेली आणि पाचांनी माल घेतला. दुसऱ्या महिन्यात दोनशेच आली, पण दहांनी घेतला. कोणता महिना चांगला? गर्दी मोजून पोट भरत नाही. पुष्कळ लोक येऊन परत जात असतील, तर किंमत, टपालखर्च किंवा फोन नंबर कोठे तरी दडलेला आहे काय, ते आधी पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, महिनाभर थांबावे आणि वहीत नोंद करावी. शोधयंत्राला नवे पान ध्यानात घ्यायला वेळ लागतो. आज पेरून उद्या कापणी होत नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

तेव्हा वाचकहो, सुरुवात एकाच पानाने करा. जो माल आपल्याकडे सर्वांत चोख आहे, त्याच्याबद्दल गिऱ्हाइकाने विचारलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे दहा साध्या वाक्यांत लिहा. ती घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने मध्येच "म्हणजे काय?" असे विचारले, तर ते वाक्य बदला. नाही विचारले, तर पान चढवायला हरकत नाही.