अल्पमतातलं सरकार

आमच्या घरात दोन आईबाप आणि तीन मुलं असं बलाबल आहे. थोरली सात वर्षांची, मधला साडेचारचा आणि शेंडेफळ दीड वर्षाचं. पहिल्या मुलीच्या वेळी आम्ही दोघं बहुमतात होतो. दुसरा आला आणि समसमान मतं पडायला लागली. तिसऱ्याच्या जन्मानंतर मात्र आमचं सरकार अल्पमतात आलं, ते कायमचंच. शुक्रवारी रात्री आमटी-भात की पिझ्झा असा ठराव मांडला की आमचा पराभव ठरलेला. दीड वर्षाच्या सभासदाला ठराव काय ते कळत नाही, पण ताईने हात वर केला की तोही आपले दोन्ही हात वर करतो. म्हणजे निकाल चार विरुद्ध दोन!

या सदरात एरवी डॉक्टर नाहीतर सी.पी.ए. मंडळी लिहितात. मी दोन्हीपैकी काही नाही. मी आणि माझा नवरा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे आधीच सांगून टाकते: औषधांचं आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि करांचं आपल्या सी.पी.ए.ला. पण तीन मुलांच्या घरात रोज जी धमाल चालते ती मनमोकळेपणाने अनुभवायची असेल, तर काही कामं आधीच उरकलेली बरी असतात, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

पोटातले कावळे

मधल्याची वार्षिक तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, "काही दुखतंय का?" चिरंजीवांनी गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं, "माझ्या पोटात कावळे आहेत. ते ओरडतात." बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टेथोस्कोप त्याच्या पोटाला लावला. "मला तर काही ऐकू येत नाही." तो म्हणाला, "ते आत्ता झोपलेत. मी सकाळी पॅनकेक खाल्ला ना!" आजीची म्हण त्याने शब्दशः उचलली होती. आजी "डोकं खाऊ नकोस" म्हणाली की तो दुखावून सांगतो, "मी डोकं नाही खाल्लं, मी फक्त चिप्स खाल्ले."

भाषांतराचा हा गोंधळ औषधांच्या कपाटात मात्र विनोदाचा राहत नाही. भारतातलं पॅरासिटामॉल आणि इथलं असेटामिनोफेन हे एकच औषध. पण आजी-आजोबा तिकडून जी बाटली आणतात तिची तीव्रता इथल्यापेक्षा वेगळी असू शकते. इथे मुलांच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतं. तिकडे १२० पासून २५० पर्यंतच्या बाटल्या मिळतात. आजीने तिकडची बाटली वापरली आणि आईने थोड्या वेळाने इथली दिली, तर एकच औषध दोनदा पोटात जातं. म्हणून आमच्या कपाटात एकच बाटली, तिच्याबरोबर आलेली एकच सिरिंज, आणि दारावर तिन्ही मुलांची वजनं लिहिलेला कागद. डोस वयावर नाही, वजनावर ठरवायचा आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने द्यायचा नाही. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत नको आणि ॲस्पिरिन तर मुलांना नकोच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरा एक नंबर आमच्या फ्रिजवर आहे: पॉयझन कंट्रोल, १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालतो आणि पैसे पडत नाहीत. एका दुपारी मधल्याने 'हॉटेल हॉटेल' खेळताना धाकट्याला डायपरचं मलम श्रीखंड म्हणून चाटवलं. फोनवरच्या बाईंनी बाळाचं वय, वजन, ट्यूबवर काय लिहिलंय आणि किती खाल्लं ते शांतपणे विचारून घेतलं, तोंड पुसून थोडं पाणी द्या म्हणाल्या. पाच मिनिटांत काम झालं. इकडे हॉटेलमालकांना एकच काळजी: "त्याला आवडलं का?" (मूल बेशुद्ध झालं, त्याला झटका आला किंवा श्वास घेता येत नसेल तर मात्र थेट ९११.)

आजीची बॅग

धाकट्याच्या जन्मानंतर सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. बॅग उघडली तर अर्धी बॅग बाळाचीच: बाळगुटी, सहाण, मध, काजळाची डबी. आता पंचाईत आली. बाळाला मध चाटवणं ही आपल्याकडची जुनी रीत. पण मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडण्याइतकं विष तयार करू शकतात. म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध नाही. बाळगुटीतल्या वेखंडाला इथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ सालीच खाद्यपदार्थांत बंदी घातली. काजळातही शिसं सापडलेलं आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही वाईट.

"माझी चार मुलं मधावरच वाढली," सासूबाई म्हणाल्या. मी वाद घातला नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर नेलं आणि भाषांतराला उभी राहिले. त्यांनी डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारला, "मध उकळून घेतला तर?" डॉक्टर म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न. पण साध्या उकळण्याने ते बीजाणू मरत नाहीत." बस्स! त्या दिवसापासून मधाच्या बाटलीची राखण आजीच करायला लागली. घरी आलेल्या पाहुण्यांनाही तीच बीजाणू समजावून सांगते. नुसतं "इथे चालत नाही" म्हटलं की वडीलधारी माणसं दुखावतात. कारण सांगितलं की तीच आपल्या बाजूने उभी राहतात.

तीट गेली, पण दृष्ट काढायचा हक्क आजीने सोडला नाही. मीठ-मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या बाळावरून ओवाळून तिने तापलेल्या तव्यावर टाकल्या. घरात ठसका, आणि वरून स्मोक अलार्म किंचाळायला लागला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "बघा, केवढी दृष्ट होती!" अलार्म चालू आहे याची खात्रीही झाली. एरवी महिन्यातून एकदा बटण दाबून ती करून घ्यावी. त्यासाठी मिरच्या लागत नाहीत.

दाण्याचं कूट आणि तांदळाचा दाणा

मराठी घर आणि शेंगदाणे यांची फारकत करणं कठीण. पण थोरलीच्या वर्गात शेंगदाण्यांना बंदी आहे, कारण एका मुलाला तीव्र ॲलर्जी आहे. महाशिवरात्रीला तिने डब्यात साबुदाण्याची खिचडी मागितली. कूट न घालता, बटाटा, जिरं आणि लिंबू घालून केली. संध्याकाळी अभिप्राय आला: "आई, खिचडी छान होती, पण ती खिचडी नव्हती."

गंमत अशी की त्याच शेंगदाण्याबद्दल वैद्यकशास्त्राचं मत आता बदललं आहे. पूर्वी बाळांना शेंगदाणा उशिरा द्या म्हणत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लीप' या संशोधनानंतर चित्र पालटलं: साधारण सहा महिन्यांच्या सुमारास, बाळ वरचं खायला लागल्यावर, पातळ केलेल्या रूपात शेंगदाणा सुरू केला तर ॲलर्जीचा धोका कमी होतो. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अख्खा दाणा मात्र चार वर्षांपर्यंत नको. तो श्वासनलिकेत अडकतो. अख्खी द्राक्षंही उभी चिरूनच द्यावीत.

दातांची गोष्ट वेगळी. पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याची पहिली भेट व्हावी. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मी हे दंतवैद्याकडून ऐकून घरी सांगितलं तर मधला विचारतो, "बासमती की आंबेमोहोर?"

वीस दातांचं अर्थशास्त्र

थोरलीचा पहिला दात पडला तेव्हा उशीखाली एक डॉलर आला. तिने लगेच विचारलं, दुधाचे दात एकूण किती? वीस. म्हणजे वीस डॉलर. तिने सगळी रक्कम आगाऊ मागितली, व्याज देण्याचीही तयारी दाखवली! मधल्याने आरशासमोर उभं राहून एकेक दात हलवून पाहिला. अर्थखात्याची सुरुवात आमच्याकडे अशी झाली.

आता मोठ्यांचा हिशोब. डेकेअरच्या खर्चाच्या बाबतीत तिसरं मूल सरकारदरबारी जवळजवळ अदृश्य असतं. डेकेअरच्या खर्चावरच्या कर-सवलतीसाठी एका मुलामागे ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांमागे ६,००० डॉलरपर्यंतचाच खर्च धरतात. मुलं तीन असोत की पाच, आकडा तोच. नोकरीतून मिळणारा डिपेंडंट केअर एफ.एस.ए. हाही घराचा, मुलागणिक नव्हे. त्याची मर्यादा २०२५ सालापर्यंत ५,००० डॉलर होती, ती २०२६ पासून ७,५०० झाली आहे. संघीय कराचा दर २४ टक्के असेल तर ७,५०० डॉलरवर नुसत्या आयकरातच १,८०० वाचतात. पण पूर्ण ७,५०० तिथे वापरले की पहिल्या सवलतीसाठी काही उरत नाही. तेव्हा ओपन एन्रोलमेंटच्या आधी दोन्ही मांडून पाहावं आणि वर्षात खर्च होईल तेवढेच घालावेत; उरलेले परत मिळत नाहीत.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र तिसऱ्यालाही ओळखतं: २०२५ सालापासून सतरा वर्षांच्या आतल्या दर मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत. त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. भारतात जन्मून डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलाकडे तो नसतो. अशा मुलासाठी आय.टी.आय.एन. काढून ५०० डॉलरपर्यंतचं वेगळं क्रेडिट मिळू शकतं. आपल्यातल्या बऱ्याच घरांना ही गोष्ट लागू पडते.

कॉलेजसाठी ५२९ खातं आहे. शिक्षणासाठी वापरले तर त्यातल्या वाढीवर कर नाही, आणि एकाला लागले नाहीत तर भावंडाच्या नावावर करता येतात. घरात तीन मुलं असली की हा फायदा खरा! इथे न्यू जर्सीत २०२२ सालापासून, उत्पन्न दोन लाख डॉलरपर्यंत असेल तर, राज्याच्या योजनेत घातलेल्या १०,००० डॉलरपर्यंत राज्यकरातही वजावट मिळते.

आणखी दोन तारखा. बाळ जन्मल्यावर ३० दिवसांच्या आत त्याचं नाव नोकरीतल्या आरोग्य विम्यात घाला. आणि दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात बाळाचं स्वतःचं तिकीट लागतं. दुसरा वाढदिवस भारतात साजरा करायचा बेत असेल, तर परतीच्या प्रवासात ते मांडीवर बसून येऊ शकणार नाही, हे धरून पैसे बाजूला काढा.

"आम्ही कुणाकडे जायचं?"

एका रात्री दिवा मालवताना थोरलीने विचारलं, "आई, तू आणि बाबा दोघंही हरवलात तर आम्ही कुणाकडे जायचं?" मधला पटकन म्हणाला, "पिझ्झावाल्याकडे." आम्ही हसलो. पण मुलं झोपल्यावर दोघंही बराच वेळ गप्प होतो. प्रश्न खराच होता. सातारा आठ हजार मैलांवर. इथे शेजारी आहेत, मित्र आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने मुलांचं कुणीच नाही. आईबाप दोघंही गेले आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलं कुणाकडे राहणार हे न्यायालय ठरवतं. आपली इच्छा काय होती ते त्याला कळायला मार्ग नसतो.

महिन्याभरात आम्ही ते काम केलं. आमच्या जवळच्या एका मराठी जोडप्याला जेवायला बोलावून आधी विचारलं. त्यांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि "तिघंही?" एवढंच विचारलं. मग हो म्हणाले. वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं. त्यात पहिले पालक, ते नसतील तर दुसरे, असं लिहिलं. दोघांचाही टर्म विमा आहे, पण लाभार्थी म्हणून लहान मुलांची नावं थेट घालू नयेत, कारण कंपनी अज्ञान मुलाच्या हाती पैसे देत नाही. ट्रस्टची किंवा पैसे सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची तरतूद करावी लागते. आई-वडिलांना सगळं फोनवर समजावून सांगितलं. सासूबाई थोडं थांबून म्हणाल्या, "बरं केलंत. आता मला झोप लागेल."

थोरलीलाही उत्तर दिलं. त्या काका-काकूंचं नाव ऐकून तिने मान डोलावली आणि विचारलं, "त्यांच्याकडे कुत्रा आहे ना?" आहे म्हटल्यावर तिचं पूर्ण समाधान झालं. तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.

वाचकहो, मुलं एक असोत की तीन, या महिन्यात तीन कामं करा: औषधांचं कपाट आवरा, पॉयझन कंट्रोलचा नंबर फ्रिजवर लावा, आणि मुलांचं पुढे कोण पाहील ते कागदावर उतरवा. संक्रांतीला मंडळात तिळगूळ घ्यायला भेटलो की तुमच्या घरचे किस्से मला जरूर सांगा. आमच्याकडचे कावळे तोवर झोपलेले असोत, एवढीच इच्छा!