गर्भवती स्त्री आणि दवाखान्याची वाट

बंगळूरच्या कोरमंगल भागातून निघून आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा मार्ग सर्जापूर रोड या नावाने ओळखला जातो. गेल्या काही दशकांत त्याच्या दोन्ही बाजूंस संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्या व बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणारे मजूर मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रायचूर, यादगीर, कलबुर्गी या कोरडवाहू जिल्ह्यांतून, तसेच ओडिशा-बंगालकडून ही कुटुंबे येतात. रुग्णालये जवळ असूनही त्यांतील गर्भवती स्त्री वेळेवर तपासणीस जातेच असे नाही. असे का व्हावे?

थॅडियस व मेन या दोन संशोधक स्त्रियांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागील तीन विलंब दाखवून दिले. पहिला विलंब मदत घेण्याचे ठरविण्यातील, दुसरा तेथवर पोहोचण्यातील, तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील. गडचिरोलीतील भामरागडला पर्लकोटा नदीस पूर आला की दुसरा विलंब जिवावर बेततो. म्हणूनच त्या जिल्ह्यात प्रसूतीपूर्वी काही दिवस आरोग्यकेंद्राजवळ राहता यावे यासाठी 'माहेरघरे' निघाली.

सर्जापूर रोडवर नदी आडवी येत नाही. आडवी येते रोजंदारी. खासगी रुग्णालयाचा खर्च झेपत नाही. सरकारी केंद्रात तपासणी विनामूल्य असते, आणि 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, औषधे, रक्त व वाहन हेही मोफत केले. पण केंद्राची वेळ तीच कामाची वेळ. एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत नवरा गेला तर दोघांची. त्याच रस्त्यावरील कचेरीत नोकरी करणाऱ्या स्त्रीस 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. या रजेसाठी मागील बारा महिन्यांत 80 दिवस काम केल्याची अट असते. मुकादमाच्या हाताखाली काम करणारीचे नाव हजेरीपटावर नसेल, तर ते दिवस ती सिद्ध कसे करणार?

भाषेची अडचण आहेच. त्याहून मोठी अडचण स्थलांतराची. कर्नाटकात गर्भवतीस 'तायी कार्ड' मिळते. त्यावर तपासण्यांची नोंद होते. परंतु एक इमारत पुरी झाली की बिऱ्हाड दुसरीकडे हलते, आणि आधीच्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीस ती पुन्हा भेटत नाही. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्यासारखीच रीत कर्नाटकातही आहे. कन्नडात माहेरास 'तवरुमने' म्हणतात. तेथे प्रेमाने काळजी घेतली जाते खरी, पण तेथील परिचारिका तिला प्रथमच पाहत असते.

कर्नाटकात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 97 टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. हा आकडा समाधानकारक असला, तरी अखेरच्या दिवशी रुग्णालय गाठले एवढेच तो सांगतो. गर्भारपणात घातक ठरणारा रक्तदाब बहुधा विसाव्या आठवड्यानंतर वाढू लागतो, आणि तो वाढला हे कळण्यास आधीचा आकडा हाताशी लागतो. रक्तातील हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असल्यास लोहाच्या गोळ्यांनी ते वर येते. पण त्यास आठवडेच्या आठवडे लागतात. नवव्या महिन्यात पहिली तपासणी झालेल्या स्त्रीजवळ तेवढे आठवडे उरलेले नसतात.