जुनं गिऱ्हाईक रागावतं तेव्हा: मागं पडलेल्या मालाचा हिशोब कसा करायचा?



धंदा थोडा रुळला की एक प्रश्न प्रत्येकाच्या दारात येतो. नवीन काम जोरात चालू होतं, पैसा तिकडून यायला लागतो, आणि ज्या कामावर दुकान उभं राहिलं ते काम कोपऱ्यात जातं. ते बंद केलेलं नसतं, पण त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मग एक दिवस आठ-दहा वर्षांचं गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणतं, "आता आमची गरज राहिली नाही का तुम्हाला?"

अशा वेळी काय करायचं, हे आजच्या लेखात बघू. त्यासाठी दोन मोठ्या कंपन्यांची उदाहरणं घेतली आहेत. एक अमेरिकेतली, कॉम्प्युटरची. दुसरी आपल्या पुण्याची, स्कूटरची. शेवटी भोकरदनच्या एका दुकानाचा हिशोब मांडू. लेख वाचताना वही-पेन जवळ ठेवा.

उदाहरण पहिलं: ॲपलचा डेस्कटॉप

ॲपल म्हटलं की आपल्याला आयफोन आठवतो. पण आयफोन आला २००७ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं ही कंपनी जगली ती कॉम्प्युटरवर, आणि त्यातही व्हिडिओ एडिटर, साऊंडवाले, डिझायनर, छपाईवाले अशा कामकरी लोकांवर.

या लोकांसाठी २००६ मध्ये मॅक प्रो नावाचा मोठा डेस्कटॉप आला. झाकण उघडा, रॅम टाका, हार्डडिस्क टाका, ग्राफिक्स कार्ड बदला. एकदा घेतलेलं मशीन वर्षानुवर्षं वाढवत न्यायचं. लोक खूश होते.

मग आयफोन आणि लॅपटॉपचा जोर वाढला आणि हा डेस्कटॉप मागं पडायला लागला. २०१२ मध्ये नवीन मॉडेलची वाट बघणाऱ्यांना किरकोळ बदल मिळाला. लोक चिडले. तेव्हा कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देऊन सांगितलं की पुढच्या वर्षी या लोकांसाठी खास काहीतरी येतंय.

ते आलं डिसेंबर २०१३ मध्ये. काळा, गोल, डब्यासारखा दिसणारा नवा मॅक प्रो, सुरुवातीची किंमत २,९९९ डॉलर. दिसायला सुंदर, आवाज कमी, जागा कमी. पण आत कार्ड टाकायला जागा नाही, जादा हार्डडिस्क टाकायला जागा नाही. जे काही लावायचं ते बाहेरून. आतमध्ये दोन ग्राफिक्स कार्डांची ठरलेली रचना होती आणि सगळी उष्णता एकाच मधल्या गाभ्यातून बाहेर जायची. पुढे बाजार गेला एकाच मोठ्या, जास्त तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे. ते या डब्यात बसवणं जमेना. आणि कंपनी गप्प बसली.

२०१४, २०१५, २०१६. नवीन मॉडेल नाही आणि काही खुलासाही नाही. छोटा डेस्कटॉप मॅक मिनी, त्याचीही तीच गत. ऑक्टोबर २०१४ नंतर त्याला थेट ऑक्टोबर २०१८ मध्ये हात लागला.

शेवटी एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने मोजक्या पत्रकारांना बोलावलं. फिल शिलर आणि क्रेग फेडेरिघी या बड्या अधिकाऱ्यांनी मान्य केलं की त्या डिझाइनने त्यांना अडकवून ठेवलं होतं, आणि आता नव्याने विचार करून वाढवता येईल असं मशीन बनवतोय, पण ते या वर्षी मिळणार नाही. नवीन मॅक प्रो बाजारात आला डिसेंबर २०१९ मध्ये. पुन्हा टॉवर, पुन्हा उघडणारं झाकण, पुन्हा कार्डांच्या जागा. फक्त सुरुवातीची किंमत आता ५,९९९ डॉलर, म्हणजे आधीच्या दुप्पट!

आता बघा, सहा वर्षांत किती जण विंडोजच्या मशीनवर गेले असतील? आणि एकदा गेलेला माणूस नवीन सॉफ्टवेअर शिकला, नवीन सवय लागली, की परत कशाला येईल?

जुनं गिऱ्हाईक एवढं का चिडतं?

नवीन गिऱ्हाईक आवडलं नाही तर दुसऱ्या दुकानात जातं. जुनं गिऱ्हाईक भांडतं. याची कारणं तीन.

१. त्याचा पैसा अडकलेला असतो. मशीन एकाच किमतीचं असतं, पण त्यावरची सॉफ्टवेअर, जोडलेली उपकरणं, जुन्या कामाच्या फायली हे सगळं धरलं तर बदलणं महाग पडतं.

२. त्याची रोजीरोटी त्यावर असते. एडिटरला मशीन हौसेसाठी नको असतं. पार्टीला वेळेत काम द्यायचं असतं.

३. त्याला पुढचं काही कळत नाही. थांबावं की दुसरं घ्यावं? "नवीन येणार नाही" असं कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर त्याने दुसरी सोय केली असती. उशीर माणूस सहन करतो. पण कुणी काहीच सांगत नाही, तेव्हा त्याला आपण बिनकामाचे झालो असं वाटतं.

यातलं एक वाक्य वहीत लिहून ठेवा: जे गिऱ्हाईक भांडतंय ते अजून तुमचं आहे. जे न बोलता गेलं, ते गेलं.

याच कंपनीचं आणखी एक उदाहरण लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना लगेच पटेल. जून २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि जुनं विकणं बंद केलं. नव्यात जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते. तीन-चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावायची सोय म्हणजे मल्टिकॅम, तीही नव्हती. ज्याचं अर्धं काम जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडलंय त्याने काय करायचं? बोंब झाली. काही महिन्यांनी जुन्या सॉफ्टवेअरची विक्री पुन्हा सुरू करावी लागली आणि जानेवारी २०१२ मध्ये मल्टिकॅम परत आला. नवं आणताना, लोक रोज वापरतात ती गोष्ट काढून घ्यायची नसते.

उदाहरण दुसरं: चेतक

आता आपल्या घरातली गोष्ट. बजाज चेतक आली १९७२ मध्ये. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून. पत्र्याची मजबूत बॉडी, हातात गिअर, मागं स्टेपनी, आणि सुरू झाली नाही तर एका बाजूला वाकवून किक मारायची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, काही काळ तर दहा वर्षांपर्यंत. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' ही जाहिरात आली आणि स्कूटर घराघरातली झाली.

पण माल जर रांग लावून विकला जात असेल तर त्यात बदल करायची गरज कुणाला वाटते? पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडासोबत १९८०च्या दशकातच बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली होती. लोकांना काय हवंय ते समोर दिसत होतं. दुसरीकडे तरुण मुलं मोटारसायकलकडे वळली. बजाजने सगळा जोर मोटारसायकलवर लावला आणि २००१ मध्ये पल्सर आणली. ती तुफान चालली. त्याच सुमारास होंडाची ॲक्टिव्हा आली. बजाजच्या सफायर, वेव्ह, क्रिस्टल अशा बिनगिअरच्या गाड्या येऊन गेल्या, पण पाय रोवू शकल्या नाहीत.

डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केलं की कंपनी स्कूटर बनवणंच बंद करणार. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे सांगितलं. मुलाचं गणित साफ होतं: एकच काम करू, पण नंबर एकचं करू.

हा निर्णय चूक होता का? घाईने उत्तर देऊ नका. मोटारसायकल आणि तीनचाकीवर कंपनीने भरपूर कमावलं, परदेशातही माल पाठवला. पण स्कूटरचा बाजार मेला नव्हता. महिला, कॉलेजच्या मुली, घरातले ज्येष्ठ, सगळ्यांना चालवता येणारी गाडी म्हणून तो वाढत गेला. २०१६ मध्ये ॲक्टिव्हाने काही महिने स्प्लेंडरसारख्या मोटारसायकललाही मागं टाकलं. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बजाजने पुन्हा स्कूटर दाखवली, इलेक्ट्रिक. जानेवारी २०२० मध्ये ती विक्रीला आली. नाव कोणतं दिलं? चेतक. दहा वर्षं स्कूटर बनवली नाही, तरी लोकांच्या मनातलं ते नाव कंपनीला उपयोगी पडलं.

दोन्ही उदाहरणांत फरक काय? बजाजने बंद करताना तारीख सांगितली. ॲपलने चालूही ठेवलं नाही आणि बंदही केलं नाही. बजाजसारखं बंद केलं की लोकांना वाईट वाटतं. ॲपलसारखं लोंबकळत ठेवलं की लोकांना राग येतो.

आता भोकरदनचा हिशोब

समजा, भोकरदनमध्ये तुमचं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, ऑनलाइन फॉर्म भरणारे, सगळे तुमच्याकडूनच डेस्कटॉप आणि प्रिंटर घेतात. दोन वर्षांपासून सीसीटीव्ही बसवायचं काम वाढलंय. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमचे टाका.)

- सीसीटीव्ही: महिन्याला १० कामं, प्रत्येकी ४,००० रुपये सुटतात. एकूण ४०,०००.
- डेस्कटॉप-प्रिंटर दुरुस्ती: महिन्याला ६० कामं, प्रत्येकी १५० रुपये सुटतात. एकूण ९,०००.

कुणीही म्हणेल, दुरुस्तीत डोकं कशाला खपवायचं? मग पोरगा सीसीटीव्हीच्या साइटवर जातो, दुकानात माणूस नसतो, टोनर शिल्लक नसतो, पीक विम्याच्या मुदतीच्या तोंडावर फॉर्मवाल्याचा प्रिंटर चार दिवस पडून राहतो. दुरुस्तीची कामं ६० वरून ३० वर येतात, आणि तुम्ही म्हणता, "बघा, या कामात आता दम राहिला नाही." पण दम आपणच काढून घेतलेला असतो.

आता खरा प्रश्न विचारा. सीसीटीव्हीची १० कामं आली कुठून? वही काढून बघितलं तर समजा त्यातली ६ जुन्या डेस्कटॉपच्या गिऱ्हाइकांकडून आली. कुणी स्वतःच्या दुकानात बसवले, कुणी मेहुण्याच्या गोदामावर. म्हणजे ६ गुणिले ४,०००, असे २४,००० रुपये त्याच लोकांमुळे आले. त्यात दुरुस्तीचे ९,००० मिळवा. झाले ३३,०००. तुमच्या ४९,००० मधले ३३,००० ज्यांच्यामुळे येतात, त्यांनाच तुम्ही चार दिवस थांबवताय!

म्हणून हिशोब मालाप्रमाणे एकदा करा आणि गिऱ्हाइकाप्रमाणे एकदा करा. पहिला हिशोब काय विकलं ते सांगतो. कुणामुळे विकलं ते दुसऱ्या हिशोबात कळतं.

मग करायचं काय?

पायरी १: गेल्या वर्षभरातल्या ३० जुन्या गिऱ्हाइकांची यादी करा. प्रत्येकापुढे तीन रकाने ठेवा: स्वतः काय घेतलं, कुणाला पाठवलं, शेवटचं कधी आलं.

पायरी २: मागं पडलेल्या कामाबद्दल तीनपैकी एकच निर्णय घ्या.
- नीट चालवायचं. म्हणजे माणूस, वेळ आणि सामान ठरवून द्यायचं. उदाहरणार्थ, सकाळी १० ते १ फक्त दुरुस्ती.
- कमी करून चालवायचं. नवीन विक्री बंद, पण विकलेल्या मशीनची सेवा चालू.
- बंद करायचं. तारीख ठरवून आणि दुसरी सोय सांगून.

"बघू पुढे" हा चौथा पर्याय नाही. ॲपल सहा वर्षं तिथंच अडकली होती.

पायरी ३: निर्णय झाला की स्वतःहून सांगा. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे:

"नमस्कार सर, १ एप्रिलपासून आपल्या दुकानात नवीन डेस्कटॉपची विक्री बंद होत आहे. आमच्याकडून घेतलेल्या मशीनची दुरुस्ती पुढचं एक वर्ष आम्हीच करू. टोनर आणि केबल मिळत राहतील. नवीन मशीन घ्यायचं असेल तर कुठून घ्यावं ते सांगू, जुना डाटा आम्ही टाकून देऊ. काही अडचण असेल तर फोन करा."

पायरी ४: नवीन काही आणण्याआधी पाच जुन्या लोकांना विचारा, "यातलं तुम्ही रोज काय वापरता?" जे नाव पाचपैकी तिघांनी घेतलं, ते काढायचं नाही. चकचकीत डबा देऊन झाकण उघडायची सोय काढली की काय होतं, ते आपण बघितलंच.

पायरी ५: तक्रार लिहून घ्या. गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये कारणं सांगू नका. शेवटी फक्त दिवस सांगा: "बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत देतो." आणि जमणार नसेल तर मंगळवारी फोन करा. बुधवारी त्याला हेलपाटा पडू देऊ नका.

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावात आपल्याला एक सोय आहे जी मोठ्या कंपनीला नसते. आपलं गिऱ्हाईक आठवडी बाजारात भेटतं, लग्नात भेटतं, राजूरच्या गणपतीला भेटतं. त्याची नाराजी आपल्यापर्यंत लवकर पोचते. पण तीच नाराजी दुसऱ्यांपर्यंतही तेवढीच लवकर पोचते, हे विसरू नका.

आजचा गृहपाठ: ती ३० नावांची यादी आज रात्री गल्ला मोजल्यावर करा. ज्याच्यापुढे "सहा महिन्यांत आला नाही" असं लिहावं लागेल, अशा तिघांना उद्या फोन करा. काही विकायला नको. फक्त विचारा, "मशीन बरं चालतंय ना? आमच्याकडून काही राहिलंय का?" ते जे सांगतील ते वहीत लिहा. तुमच्या मागं पडलेल्या कामाचा पहिला खरा हिशोब तिथूनच सुरू होईल.