श्रीमंतांवरील कर आणि रोजगार हमीचा धडा

श्रीमंतांवर अधिक कर बसवावा की नाही, हा वाद अर्थसंकल्पाच्या दिवसांत दरवर्षी निघतो. तो वाद दिल्ली-मुंबईच्या लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मुखेडसारख्या तालुक्यातील आपल्या अनेक बांधवांना वाटते. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. बालाघाटाच्या माळरानावरील कोरडवाहू शेती, दिवाळीनंतर उचल घेऊन उसतोडीला जाणारी कुटुंबे, आणि आईवडिलांबरोबर फडावर गेल्यामुळे शाळा सुटणारी मुले यांचा त्या वादाशी थेट संबंध आहे. गावात काम, शाळा, दवाखाना हवा तर पैसा लागतो. तो कोणाच्या खिशातून यावा, हाच या वादाचा खरा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरीब माणूस कर भरत नाही, असे सर्रास म्हटले जाते. तो प्राप्तिकर भरत नाही, हे खरे. परंतु साबण, चप्पल, खाद्यतेल घेताना तो वस्तू व सेवा कर भरतोच. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वस्तूंवरील दर ५ टक्क्यांवर आले किंवा राहिले, ही चांगली गोष्ट झाली. तरीही अशा कराचा स्वभाव बदलत नाही. एकाच साबणावर शेतमजूर आणि कारखानदार सारखाच कर देतात. मजुराची जवळजवळ सारी कमाई खरेदीत जाते, म्हणून त्याच्या मिळकतीच्या मानाने हा बोजा अधिक पडतो. यालाच अप्रत्यक्ष कर म्हणतात. प्राप्तिकर हा प्रत्यक्ष कर होय. त्यात उत्पन्न वाढते तसा दर वाढतो.

बाबासाहेबांची भूमिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे अभ्यासक. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन हे वाढत्या दराच्या करपद्धतीचे नामवंत अभ्यासक होते. बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी एक साधा पण मर्मभेदी प्रश्न उभा केला. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते. मग एकदोन एकरांच्या शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा का भरावा लागतो? कर माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावा, हे त्या मांडणीचे सार. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण प्रश्न आपलाच होता.

तथागतांच्या उपदेशातही हा विचार सापडतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो, की राज्य त्रस्त असताना प्रजेवर नवा कर लादणे योग्य नव्हे. त्याऐवजी शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, म्हणजे चोऱ्या आपोआप थांबतील. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा वाढली, असा क्रम दाखविला आहे.

महाराष्ट्राने केलेला प्रयोग

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असा हक्क त्याने दिला.

या कामासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर सुरू केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो घेतला जाऊ लागला. त्याच्या जोडीला वाहने, ओलिताची जमीन यांवरील जादा कर व उपकर होते. या करांतून जमेल तेवढीच रक्कम शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शहरातील पगारदाराचा पैसा कोरडवाहू गावातील मजुराच्या हातात पडू लागला. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती. कर कोणत्या कामासाठी आहे हे आधीच सांगितले, तर लोक तो स्वीकारतात, हा या प्रयोगाचा पहिला धडा.

दुसरा धडा मात्र उणिवेचा आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ ने व्यवसाय करावर मर्यादा घातली आहे. ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली आणि तेथेच थांबली. महाराष्ट्रात महिना दहा हजारांपेक्षा अधिक पगार घेणारा पुरुष वर्षाला २५०० रुपये भरतो. (स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे.) आता हिशेब करू. महिना बारा हजार मिळविणारा दुकानातील नोकर शंभर रुपयांमागे सुमारे पावणेदोन रुपये देतो. वर्षाला एक कोटी मिळविणारा शंभर रुपयांमागे अडीच पैसे देतो. गरिबांसाठी निघालेला हा कर लहान नोकरावर सुमारे सत्तर पट जड आहे!

आक्षेपांचा विचार

श्रीमंतांवर कर वाढविल्यास ते उत्पन्न लपवतील, भांडवल परदेशी नेतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. १९७३-७४ साली आपल्याकडे प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. इतक्या दराने करचुकवेगिरीला उत्तेजन मिळाले, आणि पुढील वर्षापासून तो उतरत गेला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. २०१३-१४ साली त्यातून देशभरात जेमतेम एक हजार आठ कोटी रुपये आले होते. त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार बसविला, आणि त्यातून सुमारे नऊ हजार कोटींची अपेक्षा धरली गेली. म्हणजे कर श्रीमंतांवरच राहिला, फक्त वसुलीचा मार्ग सोपा झाला. यावरून दर कागदावर किती मोठा, यापेक्षा पळवाटा किती कमी, हे महत्त्वाचे ठरते.

उलट बाजूही पाहावी. १९८५ साली वारसांच्या मालमत्तेवरील कर गेला. २०१९ साली कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. २०२३ साली नव्या करपद्धतीत अतिश्रीमंतांचा कमाल दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर आला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला; त्यात कामाचे दिवस १२५ केले, पण खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला. राज्याने हा पैसा उभा केला नाही, तर मजुरी थकेल आणि मुकादमाची उचल घेण्यावाचून माणसाला गत्यंतर उरणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : कर ऐपतीप्रमाणे असावा, व्यवसाय कराची मर्यादा उठवून तो उत्पन्नाच्या प्रमाणात घ्यावा, आणि जमलेल्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मांडला जावा. आपल्यातील जे बांधव शिकून नोकरीस लागले, त्यांनीही कर हा दंड समजू नये. आपण ज्या शिष्यवृत्तीवर शिकलो, ती कोणाच्या तरी करातूनच आली होती.

विद्यार्थी मित्रांनो, राजकीय समता मिळाली तरी आर्थिक विषमता राहिली, तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. अर्थसंकल्प हा कंटाळवाणा विषय समजून सोडून देऊ नका. कोण किती देतो आणि कोणाला किती मिळते, एवढे दोन प्रश्न घेऊन तो वाचा. आपल्या तालुक्यातील मुले फडावर जाणार की शाळेत, याचा निर्णय त्या कागदांतच होत असतो.

जय भीम! नमो बुद्धाय!