नाव नसलेला डोंगर

डोंगराचे चित्र पाहिले की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'हा कुठला डोंगर?' त्यात आपली काही चूक नाही. मुंबईकराचा डोंगर नावानिशीच असतो. शनिवारी रात्री दादरला गाडी पकडायची, लोणावळ्याला उतरायचे आणि उजाडता उजाडता राजमाचीची वाट धरायची. परतल्यावर कुणी विचारले तर गेलो कुठे होतो, हे एका शब्दात सांगता येते. निसर्गचित्राकडूनही आपण तेच उत्तर मागतो आणि ते मिळाले नाही की फसवल्यासारखे वाटते.

अकबर पदमसी यांच्या 'मेटास्केप' मालिकेतील चित्रे हे उत्तर देत नाहीत. तांबड्या, तपकिरी, पिवळ्या रंगांचे जाड थर, त्यांतून उभे राहिलेले डोंगर, कुठे पाण्याचा पट्टा, वर आकाश. माणूस नाही, घर नाही, पायवाट नाही. काही चित्रांत तर एकाच आकाशात सूर्यही आहे आणि चंद्रही! मग ही वेळ सकाळची म्हणावी की रात्रीची? आणि प्रत्यक्षात कुठेच नसलेला डोंगर रंगविणे म्हणजे निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे काय?

पदमसी हे मुंबईचेच. जन्म १९२८ चा, शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तेथे शंकर पळशीकरांसारखे रंगांचा आणि भारतीय कलाविचाराचा सखोल अभ्यास असलेले शिक्षक त्यांना लाभले. त्या काळी मुंबईत निसर्गचित्र म्हणजे त्या जागी जाऊन, ऊन सरण्याच्या आत, समोरचे दृश्य जलरंगात टिपणे अशीच रूढ समजूत होती. ही परंपरा हलकी मुळीच नव्हे. तिने डोळ्यांना शिस्त लावली. पदमसींची वाट मात्र वेगळी निघाली.

१९५१ मध्ये ते पॅरिसला गेले. १९५४ साली जहांगीर कलादालनात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनातील चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. तो त्यांनी जिंकला. पुढे १९५९-६० च्या सुमारास त्यांनी रंगच बाजूला ठेवले आणि केवळ करड्या छटांत चित्रे केली. सुमारे बारा फूट रुंदीचे 'ग्रीक लँडस्केप' (१९६०) हे त्यांतलेच. २०१६ मध्ये ते लिलावात एकोणीस कोटींहून अधिक रुपयांना गेले, म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. परंतु त्याचे खरे मोल असे की, रंगांचा मोह टाळून अवकाश कसा बांधावा, याचा अभ्यास त्यात आहे. या अभ्यासानंतर, १९७० च्या सुमारास, ते पुन्हा रंगांकडे वळले आणि मेटास्केप जन्माला आली. 'मेटा' म्हणजे पलीकडचे. दिसणाऱ्या देखाव्यापलीकडचा देखावा, असा त्या नावाचा अर्थ.

या पलीकडच्या देखाव्याची किल्ली आपल्याला संस्कृतच्या तासाला सापडते. 'शाकुंतला'ची नांदी आठवा. शिवाच्या आठ दृश्य रूपांचे तीत स्तवन आहे. पण कालिदास त्यांची सरळ नावे घेत नाही, त्यांचे कार्य सांगतो. पाणी म्हणजे विधात्याची पहिली निर्मिती, अग्नी म्हणजे हवी वाहून नेणारा, पृथ्वी म्हणजे सर्व बीजांचे मूळ आणि सूर्य-चंद्र म्हणजे काळाचे विधान करणारे दोघे. या श्लोकातूनच आपल्याला सूर्य आणि चंद्र एकत्र रंगविण्याची कल्पना सुचली, असे पदमसींनी सांगितले आहे. म्हणजे ते दोन गोल सकाळ किंवा रात्र दाखवीत नाहीत. ते काळच दाखवितात. त्याच न्यायाने तो डोंगर अमुक एक शिखर नसून पृथ्वीचे उभे राहणे आहे.

हे केवळ कल्पनेवर साधत नाही. रंगाच्या सुरीने दिलेला प्रत्येक फटकारा शेजारच्या रंगाशी तोलून पाहावा लागतो. उष्ण रंग पुढे येतो, शीत रंग मागे सरतो. या ओढाताणीतूनच उंची आणि खोली निर्माण होते. समोर खरा डोंगर असला तर चूक झाल्यास त्याच्याकडे पाहून सुधारता येते. येथे तो आधार नाही. चित्राचा तोल चित्रातच सांभाळावा लागतो. तेव्हा असा डोंगर काढणे सोपे तर नाहीच, उलट अधिक जोखमीचे आहे.

पदमसी २०२० च्या जानेवारीत गेले. चित्रे आपल्यासाठी आहेत. परळ-लालबागच्या आपल्यापैकी अनेकांना कलादालनाच्या पायऱ्या चढताना उगीच संकोच वाटतो. जहांगीरला तिकीट नसते, आणि आत कुणी परीक्षाही घेत नाही. कधी एखादी मेटास्केप समोर आली तर आधी दहा पावले दूर उभे राहावे, मग जवळ जावे. दुरून जो डोंगर होता तो जवळून नुसता रंग होतो. पुन्हा मागे सरावे, तो डोंगर होतो. 'हा कुठला डोंगर?' हा प्रश्न तेवढ्यात गळून पडतो आणि त्या जागी दुसरा उभा राहतो: 'डोंगर म्हणजे काय?' राजमाचीच्या वाटेवर हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला होता का?