अपूर्ण विमानाचे कागद

अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें ओतलेल्या मलिक-इ-मैदान तोफेवर कर्ता महंमद बिन हुसेन रूमी याचें नांव व हिजरी सन ९५६ (इ. स. १५४९) हीं कोरलेलीं आहेत. ती परांड्यास होती. तेथून १६३२ त मुरार जगदेवानें विजापुरास नेली. येथें कर्ता, काल व वस्तु एकत्र सांपडतात, व शंका आल्यास तोफेचें माप घेतां येतें. परंतु जी वस्तु घडलीच नाहीं, जिचे आराखडेच उरले, तिच्याविषयीं संशोधकानें काय मानावें? दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनीचें टा ४०० हें बाँबफेकें विमान याचें बोलकें उदाहरण आहे. त्याचा योजक कुर्ट टांक हाहि रूमीप्रमाणें परदेशांतून येऊन येथील सैन्यासाठीं काम करून गेला.

अमेरिकेवर मारा करून परत येईल असें विमान जर्मन विमानखात्यास हवें होतें. फॉके-वुल्फ कारखान्याच्या वतीनें टांकानें सहा एंजिनांचें, ४५.८ मीटर पंखविस्ताराचें विमान योजिलें. आराखड्यांचें बरेंचसें काम पॅरिसनजीक शातिलों येथें फ्रेंच कारागिरांकडून झालें. कांहीं कागदांत बी. एम. डब्ल्यू. ८०१ एंजिनें आहेत, कांहींत डाइम्लर-बेंझ ६०३ चा विचार आहे, तर कांहींत जोडीला दोन जेट एंजिनेंहि आहेत. प्रत्यक्षांत मात्र कृत्रिम वाऱ्याच्या झोतांत तपासण्यापुरती प्रतिकृतीच तयार झाली. प्रतिस्पर्धी मेसरश्मिट २६४ डिसेंबर १९४२ मध्येंच उडालें होतें. टा ४०० ला त्याहून अधिक सामग्री लागणार असल्यानें १९४३ च्या ऑक्टोबरांत तें काम थांबविण्यांत आलें.

सबब या कागदांतील आंकड्यांचे तीन वर्ग पाडले पाहिजेत : खात्यानें मागितलेले, योजकानें गणितानें काढलेले, व प्रयोगानें पडताळलेले. टा ४०० चा वेग व पल्ला हे दुसऱ्या वर्गांतले होत. न उडालेल्या विमानाचा पल्ला सिद्ध म्हणून सांगणें म्हणजे मसुद्यास शिक्कामोर्तबाचें पत्र समजणें होय.

हा विवेक सिद्ध झालेल्या वस्तूसहि लागू पडतो. टांक १९५६ त हिंदुस्थानांत आला. बंगळूर येथें त्यानें योजिलेलें मारुत हें लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजीं प्रथम उडालें, व १९७१ च्या युद्धांत कामास आलें. पण संकल्पित अधिक शक्तीचें एंजिन न मिळाल्यानें ऑर्फियस एंजिनांवर भागवावें लागलें, व ध्वनीच्या दुप्पट वेगाचा मूळ हेतु कागदावरच राहिला. येथें निदान विमानच साक्षीस उभें आहे. टा ४०० ला तोहि आधार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, अपुऱ्या कामाचे सुटे कागद रद्दी समजून टाकूं नयेत. खाडाखोड, तारखा व बदललेलीं मापें यांसह ते जतन करावेत. मात्र सूचींत नोंद करतांना ‘योजिलें’ व ‘घडलें’ हे दोन रकाने निरनिराळे ठेवावेत. पहिल्यांतील मजकूर दुसऱ्यांत गेला, कीं पुढील अभ्यासकास तो बाहेर काढणें फार कठीण होतें.