वाकलेलं अलॉय व्हील: ठोकायचं की बदलायचं?

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर खड्ड्यात आदळलेलं अलॉय व्हील बहुधा आतल्या कडेला वाकतं. बाहेरून ते ठाकठीक दिसतं, पण ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. लोखंडी रिम पंक्चरवाला हातोड्याने सरळ करतो, मग अलॉय व्हीलही तसंच का सरळ करू नये? कारण बहुतेक अलॉय व्हील ओतीव ॲल्युमिनियमची असतात. ओतकामानंतर ती साधारण ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात थंड करतात, मग १५०-१७० अंशांवर काही तास ठेवतात. खरी ताकद त्यातून येते. गॅसच्या बत्तीने बेताल तापवलं की ती उतरते, आणि थंडच ठोकलं तर चीर पडण्याची भीती. म्हणून डायल गेजने वाकडेपणा मोजून हायड्रॉलिक जॅकने हळूहळू दाब देणारा कारागीर गाठावा.

‘हवा टिकतेय ना, मग झालं’ हे म्हणणं फसवं आहे. बारीक चिरेतून हवा लगेच जाईलच असं नाही. रंगद्रव लावून तपासल्यावर ती लाल रेघेसारखी उमटते. नवं व्हील महाग, हे खरंच. म्हणून तर कडेचा किरकोळ बाक जरूर काढून घ्यावा. पण चीर आऱ्यांवर किंवा बोल्टच्या भोकांजवळ असेल, तर ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा आणि व्हील भंगारात द्यावं.